महाळुंगाची पानं

आमच्या विहिरीजवळचं मोसंबीचं झाड तोडलं त्या दिवशीही ते हिरवंगार होतं. गावातल्या बागा ज्या रोगानं गेल्या, तो रोग त्याच झाडातून गेला होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे माझ्या वडिलांना एका उन्हाळ्यात मान्य करावं लागलं. गावानं ते मान्य केलं नाही.

गाव अणदूर आणि जळकोटच्या मधे, हमरस्त्यापासून थोडं आत. जमीन मुरमाड, खाली चुनखडीचा थर. वडिलांना घरात आबा म्हणत, नंतर गावही म्हणू लागलं. तरुणपणी ते एका सरकारी रोपवाटिकेत रोजंदारीवर माळी होते. डोळा भरणं ते तिथं शिकले. एका झाडाचं रोप मुळासाठी वाढवायचं, त्याला खुंट म्हणतात. खुंटाच्या सालीला उभी-आडवी चीर द्यायची. ज्या झाडाची फळं हवीत त्याच्या काडीवरून एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट उचलायचा, चिरेत सरकवायचा आणि सुतळीच्या पदरानं बांधायचा. डोळा धरला की खुंटाचा शेंडा छाटायचा. मग जमिनीत एक झाड राहतं आणि वर दुसरं वाढतं. रोपवाटिका सोडताना आबांनी तिथल्या एका मोसंबीचे डोळे आणून जंबेरी लिंबाच्या खुंटांवर भरले. त्यातलं एकच झाड तगलं, विहिरीजवळचं.

बहात्तरच्या दुष्काळात गाव खडी फोडायला गेलं. आमच्या विहिरीच्या तळाशी जे पाणी झिरपे ते पिण्याला जाई आणि भांडी विसळलेलं पाणी आई झाडाच्या आळ्यात ओती. झाड जगलं. पुढच्या बहाराला असं लगडलं की लोक मुद्दाम बघायला येत.

त्याच सुमारास गावात फळबाग सोसायटी निघाली. रंगपूर लिंबाचा खुंट घ्या, असं शेतीखात्याचे लोक सांगत होते. तो पाण्याचा ताण सोसतो आणि चुनखडीतही टिकतो. सल्ला त्यांच्या माहितीप्रमाणं बरोबर होता. सोसायटीनं रंगपूरचे खुंट वाढवले आणि डोळे आबांच्या झाडाचे घ्यायचे ठरले. दुष्काळातून हिरवं निघालेलं झाड सगळ्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळं दुसऱ्या झाडाचा विचार कुणी केला नाही.

छप्पन्न साली आमची वस्ती बौद्ध झाली होती. वस्ती गावाच्या कडेला होती, ती तिथंच राहिली. गावातल्या बऱ्याच घरांत आबांना चहा अंगणात मिळे, वळचणीला खोचून ठेवलेल्या कपात. डोळे भरायचं काम सुरू झालं तेव्हा त्याच घरांच्या रानांत आबा दिवसदिवस बसू लागले. मजुरी घेत, पण एखाद्यानं दिली नाही तरी मागत नसत. एका हंगामात केव्हातरी वळचणीचे कप बंद झाले. आबा यावर बोलत नसत. आई बोलायची.

"झाडाला हात चालतोय, कपाला चालत न्हाय, असं किती दिस चाललं असतं?"

सोसायटीचे चेअरमन गावातले मोठे बागायतदार होते. मोठ्यानं हसणारे, कामाला पक्के. आबांना 'अरे' म्हणणं त्यांनी सर्वांत आधी सोडलं. त्यांची बाग आबांनी भरली होती. फक्त रस्त्याकडची एक ओळ त्यांनी जालन्याकडून तयार रोपं आणून लावली होती. खुंट तिचाही रंगपूरचाच होता. आबांच्या डोळ्यांची बाग आणि जालन्याची ओळ यांची ते पैज लावत.

मी तेव्हा धाराशिवला होतो. त्या वेळी त्याला उस्मानाबाद म्हणत. आधी कॉलेजात, मग एका साप्ताहिकात बातम्या लिहायला. शनिवारी एसटीनं घरी यायचो. त्यामुळं पुढचं बरंचसं मी आठवड्याच्या अंतरानं पाहिलं आहे. एखादी गोष्ट रोज पाहणाऱ्याला दिसते त्यापेक्षा ती मला वेगानं बिघडताना दिसली.

झाडं फळाला आली, दोन बहार चांगले गेले आणि नंतर वाढ थांबली. माणसाच्या छातीएवढी झाडं तेवढीच राहिली. पानं पिवळट झाली. बुंध्याची साल उभी तडकू लागली, तिचे पापुद्रे सुटू लागले. खाली वाकून पाहिलं की एक गोष्ट लक्षात यायची. साल फक्त जोडाच्या खाली फुटत होती. जिथं डोळा भरला होता तिथं एखादी रेघ ओढल्यासारखी सीमा होती. वर मोसंबीची साल गुळगुळीत. खाली रंगपूरची, खरूज झाल्यासारखी.

आबांनी यातून जे अनुमान काढलं ते कुणीही काढलं असतं.

"वरचं ठणठणीत हाय. खालचं सडलंय. खुंट खराब हाय, सरकारचा खुंट."

उपाय म्हणून साल खरवडायचं ठरलं. डिंक्या रोगावर तसं करतात. सुटलेली साल काढून मोरचूद आणि चुन्याचा लेप लावायचा. गावात सावडीची पद्धत होती. आज सगळ्यांनी एकाच्या रानात राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. खरवडायचं काम नाजूक, त्याला हात बसलेला माणूस हवा, म्हणून प्रत्येक रानात चाकू आबांच्याच हातात असे. बाकीचे लेप कालवत, आळी करत. आबा स्वच्छतेला कडक होते. रोज संध्याकाळी चाकू उकळत्या पाण्यात टाकत, दवाखान्यात सुया उकळतात तसा. सकाळी फडक्यानं पुसून पुन्हा निघत. या रानातून त्या रानात, आजारी झाडावरून त्याच्या शेजारच्या चांगल्या झाडावर, त्याचीही वाळकी काडी छाटायला. चेअरमनच्या जालन्याच्या ओळीलाही त्यांनी हात फिरवला.

"फुकटात करताय तर माझ्या जालनेकरांची बी हजामत करा," चेअरमन म्हणाले होते.

ऐंशीनंतर पुन्हा पाऊस हटला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. विहिरी तळाला गेल्या. सोसायटीनं बागांसाठी एक टँकर धरला. तो बोरी नदीच्या डोहातून भरून यायचा आणि सगळ्या बागांना पुरायचा नाही. मग रोज सोसायटीच्या ओसरीवर भांडण. कुणाची बाग जगेल, कुणाची नाही, पाणी कुणाला द्यायचं. झाडं पाण्यावाचून वाळत असतील तर पाण्याचा उपयोग होता. रोगानं वाळत असतील तर ते मातीत जात होतं.

या काळात हमरस्त्यावरच्या हॉटेलात एक शब्द ऐकू येऊ लागला. हातगुण. पहिल्यांदा तो थट्टेत आला.

"आबांचं झाड बगा, कसं डोलतंय. आन् आपल्याला दिलेली समदी रडकी."

"चांगले डोळे घरी ठेवले आसत्याल."

"डोळ्याचं न्हाय हो. हातगुण म्हंत्यात. ज्याचा त्याचा हात आसतोय."

शेवटच्या वाक्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळला. मी बाकावर बसलो होतो. माझ्याकडं कुणी पाहिलं नाही आणि कुणी शब्द मागंही घेतला नाही. वळचणीचे कप परत आले नाहीत, पण काही घरांत आबांना चहाच विचारला जाईना.

आबांनी कृषी विद्यापीठाला पत्र टाकायला सांगितलं. मी टाकलं. बरेच दिवस काही झालं नाही. मग फेब्रुवारीत वनस्पतिरोगाचे एक शास्त्रज्ञ एसटीनं आले, खांद्याला पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट. चेअरमन, आबा आणि मी त्यांच्याबरोबर फिरलो. त्यांनी बोलण्याआधी पुष्कळ झाडं पाहिली. प्रत्येक झाडाशी उकिडवे बसत, जोडावर बोट ठेवत आणि उठत. शेवटी आमच्या विहिरीजवळ आले आणि हिरव्या झाडापाशी सर्वांत जास्त वेळ थांबले.

"सगळे डोळे इथले?"

"व्हय साहेब," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात अजून अभिमान होता.

शास्त्रज्ञ म्हणाले, "मला संशय या झाडाचा आहे."

चेअरमन हसले. आबा हसले नाहीत.

"या झाडाला काय झालंय?"

"काही नाही. तेच सांगतोय. मोसंबीला काही होत नाही. जंबेरीच्या मुळालाही होत नाही. रोग आत असतो आणि झाड दाखवत नाही. रंगपूरच्या खुंटावर गेला की खुंटाची साल फुटते. खुंट खराब नाही, आबा. त्याच्यावरच तेवढं दिसतं."

"कसला रोग? बुरशी?"

"बुरशी नाही. जंतू नाही. विषाणू म्हणावा तर तोही नाही. विषाणूच्या अंगावर निदान प्रथिनाचं कवच असतं, याच्या अंगावर तेही नाही. आरएनएचा नुसता एक बारीक धागा, दोन्ही टोकं एकमेकांना जुळलेली. उघडं कडं समजा. दहा वर्षं झाली असतील, परदेशात सापडला त्याला. त्याला व्हायरॉइड म्हणतात."

"मंग तो वाढतो कसा? खातो काय?" चेअरमननी विचारलं.

"खात काही नाही. स्वतःचं काही बनवतही नाही. पेशीच्या केंद्रात जातो. तिथं झाडाचं स्वतःचं यंत्र असतं, झाडाच्या कामाच्या नकला काढणारं. ते यंत्र हे कडं समोर आलं की त्याचीच नक्कल काढू लागतं. कड्याला टोक नाही, म्हणून यंत्र थांबत नाही. फिरत राहतं, लांब पट्टी निघते. पट्टीचे तुकडे होतात, तुकड्यांची टोकं जुळतात आणि पुन्हा कडी. निदान आता तरी असं मानतात."

चेअरमननी थोडा विचार केला. "म्हंजे सोसायटीत घुसायचं, मेंबर व्हायचं न्हाय, आन् आपल्याच कारकुनाकडून आपल्याच नावाच्या पावत्या फाडून घ्यायच्या."

"बरोबर."

"आसले दोघं-तिघं हाईत आमच्याकडं."

सगळे हसले. आबांनी तेवढ्यात विचारलं, "एका झाडातून दुसऱ्यात जातो कसा?"

"डोळ्यातून जातो. आणि चाकूनं."

"चाकू म्या उकळून घेतो."

"उकळून मरायला तो जिवंत कुठं आहे, आबा? नुसता रेणू आहे. उकळल्यानं जात नाही, जाळावर धरल्यानं भरवसा नाही. विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर पाण्यात घट्ट कालवून त्यात पातं बुडवलं तर जातो."

चेअरमनचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांची नजर रस्त्याकडं, जालन्याच्या ओळीकडं गेलेली मला दिसली.

संशय म्हणजे पुरावा नाही, असं शास्त्रज्ञच म्हणाले. खात्री करायची तर महाळुंगावर, लिंबाच्याच जातीच्या एका झाडावर, करावी लागते. महाळुंगाच्या रोपाला तो लगेच लागतो. संशयित झाडाचा डोळा रोपावर भरायचा आणि वाट पाहायची. रोग असेल तर महाळुंगाची नवी पानं खाली वळतात, आवळलेल्या मुठीसारखी, आणि मागची शीर तपकिरी पडते. कडक ऊन असेल तर लवकर कळतं. ऊन आमच्याकडं भरपूर होतं.

ते पुढच्या खेपेला डब्यांत लावलेली महाळुंगाची काही रोपं घेऊन आले. डोळे त्यांनी आबांनाच भरू दिले, नवं पातं घेऊन, पावडरच्या पाण्यात बुडवून. एक रोप तसंच ठेवलं, डोळा न भरता, तुलनेसाठी. डबे सोसायटीच्या ओसरीवर ठेवावेत असं आबांनी सुचवलं. शास्त्रज्ञांना आश्चर्य वाटलं. आपल्याच झाडाची परीक्षा माणूस घराच्या आडोशाला घेईल, असं त्यांना वाटलं असावं.

"समद्यांच्या म्होरं होऊ द्या. म्हंजे माघारी कुणी बोलायचं न्हाय," आबा म्हणाले. झाड निर्दोष निघेल याची त्यांना तेव्हाही खात्री होती.

रोपं तो उन्हाळा जगवायची होती. पाणी नव्हतं. पिण्याच्या पाण्याचा टँकर एका दिवसाआड येई आणि वस्तीच्या टोकाला थांबे. तिथून आई हंडा आणायची, त्यातला तांब्या काढून ठेवायची, आणि भर उन्हात तो तांब्या घेऊन सोसायटीपर्यंत चालत जायची. पदर तोंडावर, तांब्यावर झाकण.

मी एकदा म्हटलं, "सोसायटीचा शिपाई घालेल."

"त्यो घालंल एक दिस. रोग जगवायला पाणी घालायचंय, ते आपल्यालाच घालाय पायजे."

ओसरीवर बसणाऱ्यांना तो उद्योग मिळाला. सकाळी आलेला माणूस आधी डबे पाही, मग टँकरचं विचारी. पान जरा कुठं कोमेजलं की आवाज होई, "वळलं, वळलं!" मग कुणीतरी सांगे की ते उन्हानं. आबा रोज येत नसत. आले की डब्यांपासून लांब बसत. त्यांना काही विचारलं तर म्हणत, "साहेब आल्यावर सांगतील." पण मी घरी असलो की ते मला पाठवायचे, आणि मी परत आलो की विचारायचे नाहीत, फक्त माझ्याकडं पाहायचे. मी "तसंच आहे" म्हणायचो. त्यांना तेवढं पुरायचं.

मे महिन्यात चेअरमन आमच्या घरी आले. वस्तीत ते पहिल्यांदाच आले होते. आईनं घोंगडी अंथरली. ते बसले आणि बराच वेळ उन्हाळ्याबद्दल बोलले. मग म्हणाले, "आबा, पानं वळू देत न्हाईतर न वळू देत. आपण दुष्काळ म्हणू. दुष्काळाला कुणी जबाबदार नसतंय."

"आन् पाणी?"

"पाणी चालू ऱ्हाईल समद्यांना."

"वाळणाऱ्याला बी आन् जगणाऱ्याला बी?"

"आता ते तुमी कशापायी डोक्यात घेता? तुमचं नाव निघंल ना गावात. ते निघू नये म्हणून आलोय म्या."

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं, असं मला आजही वाटतं. आबा म्हणाले, "बघू." चेअरमन गेल्यावर ते विहिरीकडं गेले आणि झाडाखाली बसून राहिले. झाडाला तेव्हा आंबे बहाराची, म्हणजे थंडीच्या शेवटी आलेल्या फुलोऱ्याची फळं होती, लिंबाएवढी.

जूनच्या सुरुवातीला मी आलो तेव्हा पानं वळलेली होती. यावेळी कुणी आरडाओरडा केला नव्हता. डोळा भरलेल्या प्रत्येक रोपाचं कोवळं पान खाली वळून देठाकडं आलं होतं. उलटून पाहिलं तर मधली शीर तपकिरी, ठिकठिकाणी चिरलेली. न भरलेलं रोप सरळ होतं. आईनं त्यालाही तेवढंच पाणी घातलं होतं.

त्या दिवशी आबांनी माझ्याकडं पाहिलं तेव्हा मला काही बोलावं लागलं नाही.

शास्त्रज्ञ आले, त्यांनी खात्री केली. मग ते आबांना घेऊन जालन्याच्या ओळीकडं गेले. त्या झाडांचे डोळे आबांच्या झाडाचे नव्हते. तिथं दोन झाडांच्या खुंटांची साल उभी तडकायला लागली होती. ज्या झाडांची काडी आबांनी छाटली होती, त्यांतलीच ती होती. आबांनी तडकलेल्या जागेवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

आबांनी एकच विचारलं. रोपवाटिकेतल्या ज्या मोसंबीवरून त्यांनी मूळ डोळे आणले, तिची परीक्षा घेता येईल का? रोग तिथून आला असेल तर त्यांच्या झाडाचं नाव निदान एकटं राहणार नव्हतं. शास्त्रज्ञांनी चौकशी केली. ती मोसंबी बहात्तरातच वाळून सरपणाला गेली होती. तपासायला गावात एकच झाड उरलं होतं.

सोसायटीची सभा ओसरीवर झाली. डबे तिथंच होते. आबा उभे राहिले. असं उभं राहून बोलण्याची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले की रोग त्यांच्या झाडातून गेला आणि त्यांच्या चाकूनं पसरला. साल फुटलेल्या झाडांना पाणी घालण्यात अर्थ नाही. ती काढावीत आणि टँकर ज्या थोड्या झाडांची साल अजून फुटलेली नाही त्यांना द्यावा. मोसंबीच्या बियांतून हा रोग जात नाही असं साहेब सांगतात, तेव्हा बियांची रोपं करून नवे डोळे तयार करावे लागतील. फळ यायला सात-आठ वर्षं लागतील. रोपं ते स्वतः करून देतील.

"सात-आठ वर्षं!" मागून कुणीतरी म्हणालं. "तवर काय पानं चघळायची?"

"म्हंजे झाडं आमची तोडायची. यांचं डोलतंय ते?"

"हातगुण म्हणलं तर राग येत व्हता. आता स्वताच्या तोंडानं सांगतोय."

'सांगतोय.' सभेत आबांना एकेरीत बोलल्याला किती वर्षं झाली होती ते मला आठवेना. चेअरमन "शांत ऱ्हा, शांत ऱ्हा" म्हणत राहिले. हात वर करून मत घेतलं. पाणी सगळ्या बागांना चालू ठेवायचं ठरलं. एकही झाड काढायचं नाही असं ठरलं. आबांनी हात वर केला नाही, कारण ते सभासद नव्हते. सोसायटी त्यांच्या डोळ्यांवर उभी राहिली होती तरी ही गोष्ट इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आली नव्हती.

"आपलं तर तोडू," ते घरी येताना म्हणाले. "आपलं उभं असताना दुसऱ्याला तोड म्हणून सांगायला तोंड न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं आधी सगळी फळं उतरवली. वस्तीतली, गावातली माणसं जमली. फळ खाल्लं तर माणसाला होतं का, असं एका बाईनं विचारलं. आबांनी नाही म्हणून सांगितलं. आईनं फळं वाटली. आंबट, अजून पिकायची होती. तरी सगळ्यांनी खाल्ली. मग आबांनी कुऱ्हाड घेतली. मी दोर धरला होता. झाड पडलं. एवढं हिरवं झाड तोडताना त्यांच्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. पानांचा वास विहिरीपलीकडं गेला.

फांद्या जाळायच्या होत्या. आबा आणि मी रॉकेल आणायला घरी गेलो. थोडाच वेळ. परत आलो तेव्हा माणसं पांगली होती. ढीग तसाच दिसत होता, पण जवळ गेल्यावर वेगळा वाटला. जाड फांद्या होत्या. पेन्सिलीएवढ्या कोवळ्या काड्या नव्हत्या.

"सरपणाला न्हेतो म्हणाले," आई म्हणाली. "म्या म्हणलं, न्ह्या."

आबा खाली वाकले. जमिनीवर पानं पडली होती, मूठमूठभर. देठ नव्हते. देठ काडीवर ठेवून फक्त पान कापलेलं होतं. डोळे भरायला काडी न्यायची असली की पान तसंच कापतात, म्हणजे डोळा वाळत नाही आणि देठाला धरून उचलता येतो.

"सरपणाला कुणी आसं पान कापत न्हाय," आबा म्हणाले. ही रीत गावाला त्यांनीच शिकवली होती.

उरलेला ढीग त्यांनी पेटवला. ओली लाकडं नीट जळेनात. संध्याकाळपर्यंत नुसता धूर होता.

पुढचा महिनाभर आबा घरोघर गेले. काही शनिवारी मीही बरोबर होतो. "लावू नका," एवढंच ते सांगत. "दिसायला हिरवं दिसंल. सहा वर्षांनी साल फुटंल." प्रत्येक घरी त्यांना बसायला दिलं. आमी न्हाय न्हेल्या काड्या, असं प्रत्येक घरी सांगितलं. एका म्हाताऱ्यानं तर उलट विचारलं, "आबा, स्वताचं तोडलंत, आन् आता दुसऱ्याच्या नशिबाचं बी काढून घेताय व्हय?"

आषाढात थोडा पाऊस झाला. चेअरमनच्या मळ्यात सोसायटीच्या खुंटांचे वाफे होते. खुंट रंगपूरचेच, दुसरे नव्हतेच. आबा तिकडं गेले. मी मागं होतो. वाफ्यातल्या प्रत्येक रोपावर सुतळी बांधलेली होती. बांधणी आबांसारखीच, खालून वर, डोळ्याचं तोंड मोकळं ठेवून.

चेअरमन विहिरीवरून, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याकडून आले. लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. उलट त्यांना बरं वाटत होतं.

"काय करणार, आबा? येवढं दुष्काळातून निघालेलं वाण. बुडू कसं द्यायचं? तुमी तोडलंत, तुमचा मोठेपणा. आमी जपलं. गावात तुमचं झाड ऱ्हायलं पायजे."

"ह्यात रोग हाय."

"आसंल. पर मोसंबी आसलीच पायजे. ह्याच्यासारखं फळ दुसरं हाय का?"

"न्हाय," आबा म्हणाले. ते खरं होतं.

ते वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले. पहिल्या रोपाची सुतळी सोडली. डोळा हिरवा होता, खुंटाला धरला होता, टोकाला कोंब सुटत होता. आबांनी तो क्षणभर पाहिला आणि नखानं उचकटून चिखलात टाकला. मग दुसऱ्या रोपाच्या सुतळीला हात घातला. चेअरमन खाली वाकले आणि त्यांनी आबांचं मनगट धरलं.

"हात सोडा," आबा म्हणाले.

चेअरमननी सोडला नाही.